पन्हाळा–पावनखिंड: मामाचा बांध आणि आपले बूट

पायताण (धागाकर्ता)
सोमवार, रात्री १०:४०

गेल्या आषाढात चार दिवस आजोळी होतो. मसाई पठार उतरून करपेवाडीच्या दिशेनं निघालं की ज्या वाड्या लागतात, त्यातलीच एक. नाव मुद्दाम देत नाही, नाहीतर पुढच्या शनिवारी तिथंच गाड्या लागतील.

रोपलावणीची ऐन घाई. पहाटे मामीनं हाक मारली, "अरं ऊठ, म्हाराजांची माणसं आली बघ." बाहेर येऊन बघतो तर टेकाडावरनं निळ्या-पिवळ्या पाऊसकोटांची रांग उतरतेय. पुढचं माणूस ओढ्याला पोचलं तरी शेपूट अजून वरच. मध्ये कुठंतरी एकाच्या पाठीवर स्पीकर, त्यावर पोवाडा.

आता वाट कशी आहे ते सांगतो. ती मामाच्या खाचराला लागून जाते आणि पन्नासेक पावलं चक्क बांधावरनं जाते. बांध एका माणसाचं एक पाऊल बसेल एवढा रुंद. वाडीतली माणसं शतकभर त्यावरनं जा-ये करतात, त्याला काही होत नाही, कारण दिवसाला दहा-वीस माणसं आणि पायात चप्पल, नाहीतर तेही नाही. रांगेतले पहिले वीस-पंचवीस जण नीट बांधावरनं गेले. तेवढ्यात बांध लोण्यासारखा झाला. एक पोरगं घसरून खाली बसलं, सगळे हसले, आणि मागचे शहाणे होऊन बांधाच्या कडेनं चालायला लागले. कड म्हणजे काय, आदल्या दिवशी लावलेली रोपं. दोन ठिकाणी बांध खचला. वरच्या खाचरातलं पाणी खालच्यात, खालच्यातलं ओढ्यात. रोपं मुळासकट तरंगत एका कोपऱ्यात गोळा झाली.

मामा काही बोलला नाही. डोक्यावरचं इरलं बाजूला ठेवलं, फावडं घेतलं, आणि चिखलाचे गोळे एकावर एक थापत बसला. मीच तणतणलो. तर म्हणाला, "दरसालचं हाय. म्हाराजांच्या नावानं आल्यात, त्यांस्नी काय म्हणायचं?"

कबुली देऊन टाकतो. कॉलेजात असताना मी स्वतः दोनदा ही पन्हाळा ते पावनखिंड पायी मोहीम केली आहे. तेव्हा मला हा बांध दिसलाच नव्हता. फोटोत बघितलं, आहे. माझा बूट त्यावरच आहे.

१२ जुलै १६६०, आषाढी पौर्णिमा, सिद्दी जौहरचा वेढा, धो धो पाऊस, आणि पुढे खिंडीत बाजीप्रभू आणि बांदल. हे सगळं मला तुमच्याइतकंच प्रिय आहे. त्या रात्री महाराजांबरोबर सहाशे माणसं होती असं सांगतात. आज एकेका मोहिमेत तेवढी असतात, आणि जुलैत अशा मोहिमांची रीघ लागलेली असते. शिवाय ते सहाशे जण आवाज न करता गेले होते.

वाट बंद करा असं माझं म्हणणं नाही. उलट अशा वाटा चालल्यानंच राहतात. मामाच्या लहानपणी याच वाटेनं माणसं बाजाराला जायची. आता डांबरी रस्ता आला, फटफटी आली, आणि वाटेचे काही तुकडे करवंदीनं गिळलेत. म्हणजे वाट टिकवणारेही पायच आणि मोडणारेही पायच. मग किती पाय, कधी, आणि त्यातनं वाडीच्या हातात काय पडतं, एवढंच विचारायचंय. तुमचे अनुभव लिहा. फक्त या वाटेचे नकोत, इतर जुन्या घाटवाटांचेही चालतील.

---

भटकभवानी
सोमवार, रात्री ११:०५

छान धागा. वाचतेय. आम्ही तीन वर्षांपूर्वी गेलो होतो तेव्हा भाताच्या शेतातून चालायला किती मज्जा आली असं मी इथंच लिहिलं होतं, ते आता शोधून उडवावं म्हणते.

---

मोहीमवाला
मंगळवार, सकाळी ७:५०

धागाकर्त्याच्या भावना समजतात पण चित्र एकतर्फी आहे. मी अठरा वर्षं पोरांना या वाटेनं नेतो. शाळेत शिवाजी महाराज चार पानांत संपतात. पन्हाळ्याच्या राजदिंडीच्या दरवाजातून बाहेर पडून, चिखल तुडवत, दुसऱ्या दिवशी संध्याकाळी खिंडीजवळच्या पांढरपाण्याला पोचलेलं आठवीतलं पोर जेव्हा खिंडीत उभं राहतं, तेव्हा त्याला कुणी काही सांगावं लागत नाही. पन्नासेक किलोमीटर पायात असतात. डिसेंबरच्या कोवळ्या उन्हात, बिस्कीट खात तेच चाललं तर ती सहल झाली.

राहिला बांधाचा प्रश्न. आम्ही पोरांना एका रांगेत चालवतो. पण रांग दोनशेची झाली की पुढच्याला मागचा दिसत नाही, हे मान्य करतो. शेतकऱ्याचं नुकसान झालं तर भरून द्यायला हवं, दुमत नाही. फक्त "मोहिमा म्हणजे कचरा" असा सूर नको.

---

गेंदफूल
मंगळवार, दुपारी १:१५

बांध तरी फावड्यानं परत बांधता येतो. मी पठाराबद्दल लिहिते, कारण ते बांधता येत नाही.

मसाई पठार हा जांभ्याचा सडा, म्हणजे सपाट कातळ. वरून हिरवं कुरण दिसतं, पण बोटानं उकरून बघा, दोन-तीन बोटांवर खडक लागतो. एवढ्याशा मातीत उन्हाळाभर बिया आणि कंद निपचित पडून असतात. जूनचा पाऊस झाला की उगवायला लागतात, आणि ऑगस्ट-सप्टेंबरात आपण ज्याचे फोटो काढतो ते सगळं, गेंद, सीतेची आसवं, दवबिंदू, तेरडा, हे जुलैत नखाएवढं असतं. दवबिंदू तर किडे खाऊन जगणारी वनस्पती, कारण त्या मातीत तिला पुरेसं पोषणच नसतं. तिच्यावर बूट पडला तर दिसतही नाही, इतकी ती छोटी. म्हणजे आपण नेमके बाळंतपणाच्या खोलीत मोर्चा नेतो.

दुसरी गोष्ट, वाट रुंद कशी होते. मधल्या पट्ट्यात चिखल झाला की प्रत्येकजण कडेच्या गवतावर पाय देतो. उद्या ते गवत चिखल होतं, मग त्याच्या पलीकडचं. मी ज्या तुकड्यावर कामासाठी जाते तिथं एका वाटेच्या पाच समांतर वाटा झाल्यात. उतारावर तर पाणी त्याच वाटेनं धावतं, माती घेऊन जातं आणि दोन-तीन पावसाळ्यांत पायवाटेची घळ होते. म्हणून पठारावरचा माझा एकच नियम: चिखलातनंच चाला. बूट भरले तर भरू देत. कडेकडेनं जाणारा शहाणा तिथं सगळ्यात जास्त नुकसान करतो.

मसाई पठार आता संवर्धन राखीव म्हणून जाहीर झालेलं आहे. फलक लागलाय. त्याच्या पुढ्यात गाड्या गोल गोल फिरवून काढलेली चाकांची नक्षीही मी पाहिली आहे, ती मात्र मोहीमवाल्यांची नाही, हे न्यायानं सांगायला हवं. चालणारे निदान चालतात.

---

रोखठोक
मंगळवार, दुपारी २:३०

बाळंतपणाची खोली हे भारी.

---

वाडीतला
मंगळवार, रात्री ९:२०

मी याच वाटेवरच्या एका वाडीत राहतो, मुक्कामाची सोय करतो, म्हणून लिहितोय. मराठी लिहिताना चुकलं तर सांभाळून घ्या.

लोकांस्नी वाटतं हजारो माणसं येत्यात म्हणजे वाडीवर पैशाचा पाऊस. तसं न्हाई. मोठ्या मोहिमेचा टेंपो कोल्हापुरातनं येतो. त्यात आचारी, गॅस, तांदूळ, भाजी, पाण्याचे बॉक्स, सगळं. वाडीचं काय लागतं? शाळेची पडवी, कुणाचं तरी मोकळं खोपाट, आणि शेत संडासाला. एका मोहिमेनं गेल्या वर्षी चारशे माणसांच्या मुक्कामाचे वाडीला दोन हजार दिले. माणशी पाच रुपये. दुसऱ्या दिवशी आम्ही पाच जणांनी अकरा पोती कचरा उचलला, बहुतेक चिप्सची पाकिटं आणि थर्माकोलच्या वाट्या. बाटल्या भंगारवाला घेतो. पाकिटं कुणी घेत न्हाई. शेवटी जाळली. ते पण बरोबर न्हाई हे आम्हाला कळतं, पण घंटागाडी काय इथं येत न्हाई.

याच्या उलट, मागच्या नोव्हेंबरात पुण्याची नऊ माणसं आली. तीन घरांत तीन-तीन अशी राहिली. नाचणीची भाकरी, पिठलं, खर्डा, आमटी-भात, सकाळी पोहे. माणशी साडेतीनशे घेतले. निघताना दोघींनी आमच्या आईकडनं नाचणीचं पीठ आणि मध विकत घेतला. चारशे माणसांनी जेवढं दिलं त्याच्या दीडपटीच्या वर नऊ माणसांनी दिलं, आणि कचरा शून्य.

आणखी एक. आमच्या वरच्या अंगाला धनगरवाडा आहे. त्यांचा एकच झरा, त्याला दगडी कुंडी. प्यायचं पाणी तेच, म्हसरांचं खालच्या कुंडीत. जुलैत पोरं चिखलानं भरलेली असत्यात, ती दिसेल तिथं पाय धुत्यात. वरच्या कुंडीत. एकदा तर शाम्पूच्या पुड्या. म्हातारी ओरडली तर म्हणत्यात, "आजी, वाहतं पाणी आहे की!" वाहतं आहे, पण खाली अजून घरं आहेत की.

मोहीमवाले दादांना राग येऊ नये. चांगली माणसं पण येत्यात. एक सर दरवर्षी पोरांकडनं शाळेला पुस्तकं आणत्यात.

---

मोहीमवाला
मंगळवार, रात्री १०:१०

राग नाही. पाच रुपये वाचून लाज वाटली. आमचा आकडा त्याहून बरा आहे, पण फार बरा नाही, खोटं कशाला बोलू.

टेंपोमागचं कारण एवढंच: दोनशे पोरांना एकाच वेळी जेवण लागतं आणि कुठल्याही एका वाडीत तेवढी भांडी नसतात.

---

पायताण
मंगळवार, रात्री १०:२५

@मोहीमवाला, मग भांड्यांइतकीच पोरं आणली तर? चाळीस-चाळीसच्या पाच तुकड्या, पाच वेगवेगळ्या शनिवारी. कुंभारवाडी, खोतवाडी, मांडलाईवाडी, करपेवाडी, पुढे आंबेवाडी, वाटेवर वाड्या काय कमी आहेत? मुक्काम सगळ्यांनी करपेवाडीतच करायचा असं बखरीत लिहिलेलं नाही.

---

जुन्नरी
बुधवार, सकाळी ८:३०

आमच्या नाणेघाटाची कथा वेगळी, दुखणं तेच. जुलै-ऑगस्टातल्या कुठल्याही रविवारी घाटघरपासून माथ्यापर्यंत गाड्यांची माळ. खालून चढून येणारे मोजके, बाकी सगळे माथ्यावर मोटारीनं येऊन उलटा धबधबा बघणार, मक्याचं कणीस खाणार, परत. लेण्यात डोकावतात ते पाऊस आला म्हणून. तिथं भिंतीवर सातवाहन राणी नागनिकेचा ब्राह्मी लेख आहे, केलेल्या यज्ञांची आणि दिलेल्या दानांची जंत्री, त्यात कोरलेले आकडे हे भारतातल्या सर्वांत जुन्या कोरीव आकड्यांत मोडतात, आणि त्याच भिंतीला टेकून माणसं ओले मोजे पिळतात.

पण मला सांगायचंय ते निराळंच. कधी वैशाखरेच्या बाजूनं घाट चढून या. माथ्याजवळ वाटेला दगड बसवलेले दिसतील. कल्याण-सोपाऱ्याच्या बंदरांतला माल याच वाटेनं जुन्नर आणि पुढे पैठणला जायचा, लादलेली जनावरं दिवसरात्र चढ-उतर करायची. सातवाहनांना ठाऊक होतं की एवढे खूर पडले की वाट उरत नाही, म्हणून दगड. आणि माथ्यावर तो मोठा दगडी रांजण, जकातीचा म्हणून सांगतात. म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वी वाट वापरणारा पैसे टाकून पुढे जायचा. फुकट चालायची सवय आपल्याला मागाहून लागली.

---

रोखठोक
बुधवार, सकाळी ९:००

आला का मुद्दा फिरून तिकिटावर? उद्या पावनखिंडीत टोलनाका. महाराजांच्या वाटेवर पैसे मागणाऱ्याला कोल्हापुरात काय म्हणतात ते इथं लिहिता येणार नाही.

---

कंदीपेढा
बुधवार, सकाळी ११:४५

साताऱ्याचा आहे म्हणून कासबद्दल लिहितो. २०१२ ला पश्चिम घाटाबरोबर कास जागतिक वारसा यादीत गेलं आणि पुढच्या हंगामात रस्त्यावर पाय ठेवायला जागा नव्हती. मग दिवसाला तीन हजारांची मर्यादा, ऑनलाइन नोंदणी आणि शुल्क आलं. आजूबाजूच्या गावांच्या संयुक्त वन व्यवस्थापन समितीतली माणसं गेटवर, पार्किंगला, शिट्टी घेऊन फुलांत उभी. सुरुवातीला साताऱ्यातही हीच बोंब होती, "आमच्या पठारावर आम्हाला तिकीट?" आता गावातली पोरं हंगामात मुंबईला जात नाहीत.

सगळं गोड नाही. कुंपण घातलं तेव्हा गुरं आत जायची बंद झाली, गवत माजलं आणि फुलं दबायला लागली. अखेर कुंपण काढावं लागलं. गुरांचे खूर त्या पठाराला शेकडो वर्षांच्या सवयीचे होते, हे कागदावर योजना आखताना कुणाच्या डोक्यात आलं नसावं.

त्यामुळे रोखठोक, तिकिटाचा पैसा कुणाच्या खिशात जातो ते विचारा. मुंबईत जात असेल तर मीही तुमच्याबरोबर ओरडतो.

---

गेंदफूल
बुधवार, दुपारी १२:३०

कुंपणाबद्दल शंभर टक्के अनुमोदन. मसाईवरही म्हशी चरतात आणि त्यांचं चरणं हा त्या पठाराचाच भाग आहे. पर्यटक आले म्हणून धनगरांना हाकलायचं, हे होऊ नये. हे होतं, म्हणून आधीच लिहून ठेवते.

---

ओसाकाकर
बुधवार, रात्री ८:१५ (इथले पावणेबारा)

मूळचा गारगोटीचा, आता सहा वर्षं ओसाकात. इथं जवळच कुमानो कोदो आहे, हजार वर्षांपेक्षा जुन्या यात्रेच्या वाटा, २००४ पासून जागतिक वारसा यादीत. चारदा चाललोय. तिकडची नक्कल करा असं अजिबात म्हणत नाही, पण दोन गोष्टी बघून मला घरची आठवण आली होती.

पहिली: तानाबे नावाच्या शहराच्या पर्यटन मंडळानं ठरवलं की बसभर माणसं नकोत, पायी चालणारी एकटी-दुकटी हवीत. त्यासाठी वाटेवरच्या छोट्या घरगुती मुक्कामांची नोंदणी एकाच ठिकाणी केली. मी आजीबाईंच्या घरी राहतो, तिला संगणक येत नाही, तिचं आरक्षण मंडळ बघतं. घर भरलं की भरलं. मग तुम्ही तारीख बदलता. गर्दीवर एवढा सोपा उतारा मी दुसरा पाहिला नाही. संख्या खाटांनी ठरते.

दुसरी जास्त आवडली. पावसानं वाटेची माती वाहून जाते, आणि आत गाडी जात नाही. तर चालणाऱ्यांना, कंपन्यांच्या नोकरदारांना, शाळेच्या पोरांना बोलावतात. खाली मातीच्या पिशव्या ठेवलेल्या असतात. ज्याला जेवढी पेलेल तेवढी उचलायची, चढून न्यायची, खड्ड्यात ओतायची आणि धुम्मसानं ठोकायची. मी एकदा गेलो होतो. त्यानंतर त्या तुकड्यावरनं चालताना मी अजून खाली बघून चालतो, आपली माती जागेवर आहे का म्हणून.

---

भटकभवानी
बुधवार, रात्री ८:४०

आपल्याकडं याला श्रमदान म्हणतात आणि फोटो काढून झाला की ते संपतं :)

---

वाडीतला
बुधवार, रात्री ९:३०

@ओसाकाकर, गारगोटीचं म्हणजे आपलंच माणूस की.

खाटांनी संख्या ठरते हे बरोबर वाटलं. आमच्या वाडीत सात घरं तयार होतील. घरटी चार धरली तर अठ्ठावीस. तेवढीच भांडी आहेत, आणि संडास तीनच घरांत आहेत, त्यामुळं खरं तर पंधराच धरा. एकानं विचारलं म्हणून सांगतो, पर्यटन महामंडळाच्या निवास-न्याहारी योजनेत नाव घालायचं बघितलं होतं. कागद बरेच लागत्यात आणि घर आजोबांच्या नावावर हाय. बघू.

जुलैत येऊ नका असं मी म्हणणार न्हाई. पौर्णिमेला यायचंच असेल त्यांनी यावं. पण रोपलावणीच्या वेळी आमच्याही हाताला वेळ नसतो, बायका सकाळी सातला खाचरात, भाकरी थापायला कोण थांबणार? कार्तिकात भात निघालेलं असतं, खाचरं कोरडी, कुठनंबी चाला, झऱ्याला पाणी असतं. रात्री चांदण्यात चालायचं असेल तर त्रिपुरी पौर्णिमा हाय की. फेब्रुवारीनंतर पाणी कमी, आणि वणव्याची भीती.

---

मोहीमवाला
गुरुवार, सकाळी ७:१५

रात्री झोप लागली नाही, म्हणून वही घेऊन बसलो. दोनशेची एक मोहीम म्हणजे मला एक टेंपो, चार गाड्या, एक डॉक्टर. चाळीसच्या पाच म्हणजे पाच शनिवार, पाचदा रजा, आणि पालकांना माणशी किमान दोनशे रुपये जास्त. २०२१ च्या साहसी पर्यटन धोरणाप्रमाणं नोंदणी, विमा हे सगळं आहेच. सोपं नाही हे एवढ्यासाठी लिहितो की इथं बसून "लहान तुकड्या करा" म्हणणं सोपं आहे.

पण टेंपो काढला तर आचाऱ्याचा खर्च वाचतो. तो वाडीत गेला तर हिशोब जवळजवळ बसतो. एक गाडीही कमी होते, जाताना कोल्हापूर ते पन्हाळा एसटीनं नेलं तर. वीसेक किलोमीटर तर आहे. परतीला मलकापूरहून एसटी मिळते, पण पोरं दमलेली असतात, उभ्यानं प्रवास नको, तिथं गाडी लागेलच.

येत्या आषाढात मुख्य मोहीम ऐंशीची करतो, दोन तुकड्यांत. बाकीची पोरं कार्तिकात. स्पीकर बंद. बघू पालक काय म्हणतात.

---

रोखठोक
गुरुवार, सकाळी १०:२०

स्पीकर बंद याला माझं जाहीर अनुमोदन. तिकिटाला विरोध कायम.

---

जुन्नरी
गुरुवार, दुपारी ३:००

मोबाइलवरच्या वाटांचं पण कुणीतरी लिहा. एकजण चुकतो, कुणाच्या तरी परसातनं बाहेर पडतो, त्याची जीपीएक्स फाइल, म्हणजे चाललेल्या वाटेची फोनमधली नोंद, चढवतो. पुढचे शंभर त्याच परसातनं जातात, कारण फोनवर रेघ आहे. आमच्याकडं एका म्हाताऱ्यानं शेवटी त्या जागी कुत्रा बांधला.

---

पायताण
गुरुवार, रात्री ९:५०

कुत्र्याचं मामाला सांगितलं, खूश झाला.

एकूण चर्चा बघून मी दोन गोष्टी करतोय. मामाच्या बांधाला लागून ओढ्याच्या अंगानं वळसा घालून जाणारी जुनी वाट आहे, करवंदीनं बुजलेली. ती मोकळी केली तर जुलैतसुद्धा खाचरावरनं जावं लागणार नाही, दीडशे पावलं जास्त पडतील एवढंच. तिथं दोन ठिकाणी पाणी आडवं जातं, दगड बसवावे लागतील. जुन्नरीकरांच्या सातवाहनांसारखे. दगड ओढ्यात आहेत, हात नाहीत. मामा म्हणतो, मे महिन्यात बांधबंदिस्तीची कामं निघतात तेव्हाच हेही उरकू.

मेचा दुसरा शनिवार-रविवार. कोण कोण येतंय?

---

गेंदफूल
गुरुवार, रात्री १०:०५

मी. करवंदी सरसकट तोडू नका, वाटेपुरती छाटा. मी खुणा करून देते.

---

मोहीमवाला
गुरुवार, रात्री १०:१५

दहावीची सहा पोरं आणि मी. दोनशे नाही :)

---

भटकभवानी
गुरुवार, रात्री १०:२०

मी येते. फोटो काढणार नाही. बरं, एकच काढीन.

---

वाडीतला
गुरुवार, रात्री १०:४५

धाग्यातली वाडी कुठली ते मला पहिल्याच दिवशी कळलं होतं, मामा आमच्या शेजारच्या वाडीतले. जेवणाचं मी बघतो, पैसे साडेतीनशेच. आमच्याकडं टिकाव दोन आणि पहार एक आहे. येताना पहारी आणा. आणि मेमध्ये झऱ्याला धार बारीक असते, तर घरनं निघतानाच बाटल्या भरून घ्या.